जुन्या केबिन क्रूझरला नवी इंजिनं: आधी पंख्याची जागा मोजा, इंजिन नंतर निवडा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. बोट ३२ फुटी, फायबरची, १९८९ सालची. आत दोन पेट्रोल व्ही-८ इंजिनं, प्रत्येकी २६० एचपीची, सरळ शाफ्टवर, म्हणजे पंखा (प्रोपेलर) फिरवणाऱ्या दांड्यावर. एक इंजिन जाम झालंय, दुसऱ्याच्या दोन सिलिंडरांचं कॉम्प्रेशन उतरलंय. बोट गोव्यात मांडवी नदीत ब्रिटोनाच्या बाजूला असते. वापर म्हणजे संध्याकाळी घरच्यांना घेऊन नदीत फेरफटका, आणि हिवाळ्यात दोन-तीनदा वेंगुर्ला किंवा मालवण. आता कुणीतरी ३७० एचपीच्या वापरलेल्या डिझेलची जोडी देऊ केली आहे. ती घ्यावी, की पेट्रोलच पुन्हा बसवावं, आणि एवढा खर्च या बोटीवर करावा का, हे तुम्हाला हवंय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. ती जोडी घेऊ नका आणि पेट्रोलही पुन्हा बसवू नका. तुमच्या वापराला प्रत्येकी २०० ते २२० एचपीची, मेकॅनिकल पंपाची (इलेक्ट्रॉनिक्सशिवाय इंधन सोडणारी) डिझेल जोडी बरोबर बसेल. पण हेही शेवटचं उत्तर नव्हे. इंजिन कोणतं हे ठरवतात बोटीचे स्ट्रिंगर (बुडातल्या लांब तुळया, ज्यांवर इंजिन बसतं), बुडाखाली पंख्याला असलेली जागा, एक्झॉस्टची वाट आणि इंजिनरूमला मिळणारी हवा. या चार गोष्टी मोजल्याशिवाय दिलेला आगाऊ पैसा म्हणजे अंदाजपंचे व्यवहार.

पेट्रोलला नाही म्हणण्याचं कारण जुनंही आहे आणि नवंही. जुनं असं की बंद इंजिनरूममध्ये पेट्रोलची वाफ साचते. ती हवेपेक्षा जड असल्यामुळे बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या खोलगट भागात, उतरून बसते आणि एका ठिणगीची वाट पाहते. नवं कारण म्हणजे आता देशभर पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. सागरी पेट्रोल इंजिनांचे मोठे उत्पादक साधारण १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं सांगतात. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. गाडीची टाकी आठवड्याला रिकामी होते, तिथे हे फारसं जाणवत नाही. बोटीची टाकी मात्र जून ते सप्टेंबर गोव्याच्या दमट हवेत उभी असते. पाणी ठरावीक प्रमाणापलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळा थर होतो आणि तळाशी बसतो, आणि इंधनाची नळी नेमकी तळातूनच ओढते. १९८९च्या रबरी नळ्या आणि कार्ब्युरेटरची गॅस्केटं या इंधनासाठी बनलेलीच नाहीत. ट्रान्सममागे, म्हणजे बोटीच्या मागच्या भिंतीला, बाहेरून टांगायचं आउटबोर्ड इंजिन लावायचा सल्लाही तुम्हाला मिळेल. इंधनाचा प्रश्न तिथेही तोच, शिवाय मधोमध वजन धरून बांधलेल्या बोटीचं सगळं ओझं मागे जातं. या बोटीला मी ते करणार नाही.

आता ताकद किती हवी ते पाहू. ३२ फुटी बोटीची पाण्यातली लांबी साधारण २८ फूट धरा. २८चं वर्गमूळ ५.३, त्याला १.३४ने गुणलं की ७ नॉट (तासाला ७ नॉटिकल मैल) येतात. हा तिचा डिस्प्लेसमेंट वेग, म्हणजे पाणी ढकलत, बूड न उचलता जाण्याचा वेग. सहा टनांच्या बोटीला एवढ्यासाठी दोन्ही इंजिनं मिळून ३०-४० एचपी पुरतात. रायबंदर, दिवाडी, कुंभारजुव्याचा कालवा, सगळं तुम्ही याच वेगाने फिरणार. फेरीबोटी, कॅसिनोची जहाजं, नांगरलेले बार्ज आणि कडेच्या होड्या यांच्यातून जाताना याहून वेगाने जाऊही नये. तुमच्या लाटेने एखाद्या मासेमाऱ्याची डोणी हेलकावली तर ते शोभत नाही.

मालवणचा हिशेब वेगळा. मांडवीच्या मुखाशी असलेल्या आग्वादपासून मालवण ३५ ते ४० नॉटिकल मैल आहे. ७ नॉटने गेलात तर पाच तासांहून जास्त लागतात, १७ नॉटने दोन-सव्वादोन तास. हिवाळ्यात पहाटे मतलई वारा असतो, समुद्र सपाट असतो. दुपारी वायव्येचा वारा उठला की उत्तरेकडे जाणाऱ्याला लाटा समोरून येतात. तेव्हा २५ नॉट जाऊ शकणारी बोटही १२-१३वर आणावी लागते. म्हणून तुमच्या कामाचा वेग १६ ते १८ नॉट. त्यापलीकडच्या वेगासाठी घेतलेली प्रत्येक एचपी वर्षातून तासभर वापरली जाईल, आणि तिचं वजन मात्र वर्षभर वाहाल.

बूड उचलून पळणाऱ्या बोटीचा वेग ढोबळमानाने ताकद भागिले वजन याच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. आज दोन्ही मिळून ५२० एचपी आहे. ती ४२०वर आणली, तर वेग सुमारे १० टक्क्यांनीच कमी होतो. वजन ६ टनांवरून ६.३ टन झालं, तर आणखी २-३ टक्के. म्हणजे पूर्वी ती २५ नॉट जात असेल तर आता २२ जाईल, आणि तुम्हाला हवेत १७. फक्त एक मर्यादा सांभाळा. दर एचपीमागे १८ किलोपेक्षा जास्त वजन आलं, तर अशी बोट पाण्याचा उंचवटा चढून वर यायला कुरकुरते. ६.३ टन आणि ४२० एचपी म्हणजे १५ किलो, तेव्हा निभावेल. १७ नॉटला साधारण २२० एचपी लागेल असं धरलं, तर डिझेल तासाला ४५ लिटरच्या आसपास जाईल. पेट्रोलला तेच काम ७० लिटरमध्ये पडलं असतं.

'३७० एचपी घ्या, हळू चालवा, इंजिन टिकेल' असं तुम्हाला कुणीतरी सांगितलं असणार. डिझेलच्या बाबतीत हे उलटं आहे. डिझेल इंजिनाला ओझं लागतं. ७४० एचपीची जोडी ४० एचपीवर तासन्‌तास फिरवली, तर सिलिंडर तापत नाही, इंधन पूर्ण जळत नाही, लायनरच्या (सिलिंडरच्या आतल्या अस्तराच्या) भिंती गुळगुळीत होऊन तेल वर चढतं, टर्बो आणि एक्झॉस्टमध्ये ओला कार्बन साचतो. झुआरी नदीत एका मोठ्या हौसेच्या बोटीवर मी हे उघडून पाहिलंय. इंजिनांचे तास थोडे, तेल वेळच्या वेळी बदललेलं, आणि तरी टर्बोची पाती काजळीने जड झालेली. मालकाने काळजी घेण्यात काही कमी केलं नव्हतं. इंजिनच नदीच्या मानाने दुप्पट होतं. २१०ची जोडीही नदीत हलकीच चालेल, हे मान्य. म्हणून दर फेरीच्या शेवटी रेइश मागुशच्या पुढे मोकळ्या पाण्यात १५-२० मिनिटं ७०-८० टक्के ओझ्यावर चालवून मगच परत या. ३७०च्या जोडीला एवढं ओझं देऊ लागलात, तर बोट तुम्हाला नको त्या वेगाने पळेल.

आणि मालवणचा विचार मनातून गेला असेल, तर धीराने आणखी एक पर्याय बघा. ७५-८० एचपीची टर्बो नसलेली जोडी. वेग ८-९ नॉट, देखभाल नाममात्र, आवाज कमी. घरच्या वडीलधाऱ्यांना घेऊन नदीत फिरायचं असेल, तर माझ्या मते हेच सर्वांत सुखाचं.

आता २१०च्या आसपास काय घ्यावं. एकाच ब्लॉकवर उत्पादक वेगवेगळी रेटिंग देतात, हे इथे महत्त्वाचं. कमिन्सच्या सहा सिलिंडरी ५.९ लिटरच्या बी सीरिजच्या मेकॅनिकल पंपाच्या सागरी रूपांत २१० एचपीचंही आहे आणि ३७० एचपीचंही. खालचं रेटिंग म्हणजे तोच ब्लॉक, पण मिनिटाला कमी फेऱ्यांवर, कमी तापलेला. हा ब्लॉक टाटा कमिन्सच्या जमशेदपूरच्या कारखान्यात वर्षानुवर्षं बनला आणि टाटाच्या ट्रकांमध्ये बसला. त्यामुळे इंजेक्टर, गॅस्केट, फिल्टर, बेल्ट फोंड्यात-वास्कोत मिळतात, आणि पंप उघडून कॅलिब्रेट करणारा माणूसही मिळतो. इलेक्ट्रॉनिक कॉमन-रेल इंजिन (संगणकाच्या हुकमाने इंधन सोडणारं) शांत आणि स्वच्छ चालतं, त्याला मी नाव ठेवत नाही. पण ते मालवणच्या जेटीला बंद पडलं, तर लॅपटॉप घेऊन माणूस यावा लागतो.

मात्र ट्रकचे भाग मिळतात म्हणून ट्रकचंच इंजिन आणून बसवू नका. सागरी इंजिन वेगळं ठरतं ते पाण्याने थंड होणारा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, हीट एक्स्चेंजर, खाऱ्या पाण्याचा पंप, कललेल्या स्थितीत तेल उचलणारा संप (तेलाची तळपेटी) आणि गिअरला जुळणारं बेलहाउसिंग (इंजिन-गिअर जोडणारं कवच) यांनी. हे भाग फोंड्याच्या दुकानात मिळत नाहीत आणि एकेक जमवत बसलात तर नव्या इंजिनाची किंमत होते. जास्त ताकदीच्या रूपांत आफ्टरकूलर असतो. टर्बोतून आलेली तापलेली हवा तो खाऱ्या पाण्याने गार करतो, म्हणजे एका पातळ नळीच्या एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला तुमचे सिलिंडर. दर दोन वर्षांनी तो पूर्ण उतरवून, ओ-रिंगांना ग्रीस लावून, दाबाची चाचणी घेऊन बसवायचा असतो. तुम्हाला देऊ केलेल्या जोडीचा आफ्टरकूलर शेवटचा कधी उघडला, हा पहिला प्रश्न विचारा. उत्तर चाचरत आलं, तर पुढे बोलायचं कारण नाही.

पंखा आणि शाफ्ट यांच्याकडे बहुतेक मालक सर्वांत शेवटी बघतात, आणि माझा सगळा आग्रह इथेच आहे. तुमचं पेट्रोल इंजिन २६० एचपी देतं ते मिनिटाला ४,४०० फेऱ्यांवर. गिअर १.५:१ असेल, म्हणजे इंजिनाच्या दीड फेऱ्यांना शाफ्टची एक, तर शाफ्ट २,९३३ फेऱ्यांनी फिरतो आणि त्यावर पीळ (टॉर्क) येतो सुमारे ६३० न्यूटन-मीटर. नवं डिझेल २१० एचपी देईल २,६०० फेऱ्यांवर. गिअर तोच ठेवला तर शाफ्ट १,७३३ फेऱ्यांनी फिरेल, आणि पीळ होईल ८६० न्यूटन-मीटर. ताकद पाचव्या हिश्शाने घटली, पीळ तिसऱ्या हिश्शाहून जास्त वाढला. म्हणून जुना शाफ्ट, कपलिंग, चावी आणि कटलेस बेअरिंग (शाफ्टचं पाण्यातलं रबरी बेअरिंग) यांतलं काही जसंच्या तसं चालेल असं धरू नका. शाफ्ट कोणत्या स्टीलचा आहे ते तपासा. साध्या स्टेनलेसपेक्षा शाफ्टसाठीच बनलेलं स्टील बरंच जास्त पीळ सोसतं, त्यामुळे कधी कधी व्यास न वाढवता निभावतं. व्यास वाढवावाच लागला, तर स्टर्न ट्यूब (शाफ्ट बाहेर नेणारी नळी), ग्लँड (तिथे पाणी अडवणारा भाग) आणि स्ट्रट (शाफ्टला बाहेरून धरणारा आधार) सगळंच बदलतं, आणि खर्च एकदम वर जातो.

फेऱ्या कमी झाल्या की पंखा मोठा लागतो. पंख्याचं टोक आणि बोटीचं बूड यांत पंख्याच्या व्यासाच्या निदान १५ टक्के अंतर हवं. २० इंची पंख्याला वर ३ इंच. तुमच्या बोटीला आज १७ इंचाच्या आसपासचा पंखा असेल आणि बुडाखाली १९ इंचच बसत असेल, तर २:१चा गिअर घेऊन उपयोग नाही. तो गिअर मागतो तेवढा पंखा मावणारच नाही. म्हणून बोट किनाऱ्यावर घेतली की पहिलं माप हेच घ्या: स्ट्रटपाशी शाफ्टच्या मध्यापासून बुडापर्यंतचं अंतर. त्यावरून पंख्याचा व्यास, व्यासावरून गिअर, आणि गिअर ठरल्यावर इंजिन.

पिच म्हणजे एका फेरीत पंखा कागदावर जेवढा पुढे जाईल ते अंतर. त्याचा हिशेब घरबसल्या करता येतो. शाफ्टच्या फेऱ्या गुणिले पिच इंचांत, भागिले १,२१५, म्हणजे नॉटमधला कागदावरचा वेग. १,७३३ फेऱ्या आणि २० इंच पिच धरला तर २८.५ नॉट. त्यातून २०-२२ टक्के घसर वजा केली की २२ नॉट राहतात, म्हणजे आपण वर काढलेल्या वेगाशी जुळतं. हा अंदाज आहे, शेवटचं पिच चाचणीत ठरतं. मालिमच्या जेटीवर ट्रॉलरचे ओतीव पंखे स्वस्तात दिसतील. ते जाळं ओढायला केलेले असतात, जाड पात्यांचे आणि कमी वेगाचे. तुमच्या बोटीला ते लावू नका.

फिरण्याची दिशाही बघा. जुन्या पेट्रोल जोड्यांत बहुतेकदा एक इंजिनच उलटं फिरणारं असायचं, म्हणजे दोन पंखे परस्परविरुद्ध फिरतात आणि बोट सरळ चालते. आजची डिझेलं सगळी एकाच दिशेने फिरतात. उलट फिरवायचं काम गिअरने करायचं. त्यासाठी दोन्ही दिशांना पूर्ण ओझं कायम वाहू शकणारा गिअर लागतो. तुमच्या जुन्या इंजिनांमागे वेल्व्हेट ड्राइव्ह बनावटीचे गिअर असतील, तर त्यातल्या जुन्या ७१-७२ सीरिजचा रिव्हर्स सतत पुढे जाण्यासाठी बनलेला नाही. ते गिअर वाचवून पैसे वाचवायचा मोह टाळा.

स्ट्रिंगरचं काम मात्र कुणाच्या मतावर सोडू नका. १९८०च्या दशकातल्या अशा बोटींत फायबरच्या आत लाकूड किंवा प्लायवूड असतं. इंजिनाच्या पायाच्या बोल्टच्या भोकांतून पाणी आणि तेल झिरपून ते आतून कुजतं, वरून फायबर मात्र गुळगुळीत दिसतं. हातोडीच्या मुठीने ठोकत जा, बद्द आवाज आला तिथे खूण करा. मग पायाच्या बोल्टपाशी आणि बिल्जच्या सर्वांत खालच्या जागी बारीक ड्रिलने भोक पाडून आतला भुसा हातात घ्या. फिकट आणि कोरडा निघाला तर नशीब चांगलं. काळा, ओला, आंबूस वासाचा निघाला, तर स्ट्रिंगर उघडून नवे करणं आलं. तेलाने भिजलेल्या फायबरवर नवा थर चिकटत नाही. आधी डीग्रीजरने अनेकदा धुवून, घासून, मग लॅमिनेशन. जुन्या अमेरिकी बोटींत दोन पायांमधलं अंतर बहुतेकदा साडेबावीस इंच असतं. तुमच्या नव्या इंजिनाचे पाय तिथे बसतात का, ते कागदावर बघा.

वजनासाठी अंदाज नको. बोट उचलताना क्रेनवर लोडसेल (वजन मोजणारं यंत्र) लावायला सांगा आणि पुढच्या-मागच्या पट्ट्यांचं वजन वेगवेगळं लिहून घ्या. गिअरसकट पेट्रोल व्ही-८ साधारण ४००-४५० किलो भरतं, हे सहा सिलिंडरी डिझेल साडेपाचशेच्या वर. दोन्ही मिळून २५०-३०० किलोची भर, आणि ती बोटीच्या मध्याच्या मागे. टाकी, बॅटऱ्या किंवा जेनसेट पुढे सरकवून ती सावरता येते.

पैसे देण्याआधी आणखी एक काम करा. उत्पादकाच्या ड्रॉइंगवरून प्लायवूड आणि पट्ट्यांचं खोटं इंजिन बनवा, अगदी फिल्टर, अल्टरनेटर आणि एक्झॉस्टच्या कोपरासकट. ते हॅचमधून खाली सोडा, स्ट्रिंगरवर ठेवा, शाफ्टच्या रेषेत आणा आणि हॅच बंद होतो का बघा. तेलाचा फिल्टर हातात येतो का, इंपेलरचं (खाऱ्या पाण्याच्या पंपातल्या रबरी चक्राचं) झाकण उघडता येतं का, दोन इंजिनांच्या मध्ये माणूस बसतो का? सुताराचं दोन दिवसांचं काम आहे. ही मापं न घेता आणलेल्या इंजिनासाठी सलूनची जमीन कायमची उंचावलेली मी पाहिली आहे, आणि आत वाकून चालणारं कुटुंबही.

एक्झॉस्टचा पाइप पेट्रोलला ३-४ इंचांचा असतो, या डिझेलला बहुधा ५ इंच लागेल. टर्बोला मागचा दाब सोसत नाही, म्हणून उत्पादकाने दिलेली बॅकप्रेशरची मर्यादा पाळा. पाणी मिसळणारा कोपर भरलेल्या बोटीच्या पाणरेषेपासून निदान १२ इंच वर हवा आणि तिथून पाइप सतत उताराचा. नाहीतर नांगरावर मागून आलेली लाट पाइपातून थेट सिलिंडरमध्ये उतरते. हवेसाठी एक सोपा नियम आहे: एकूण एचपी भागिले ३.३ म्हणजे चौरस इंचांत निदान मोकळी जागा. ४२० एचपीला १२७ चौरस इंच, म्हणजे ८२० चौरस सेंटिमीटर. जाळी आणि फोम वजा करून उरलेली जागा मोजायची. एप्रिल-मेमध्ये बाहेरच ३४ अंश असतात. इंजिनरूम कोंडली तर डिझेल काळा धूर ओकतं आणि दोष पंपाला दिला जातो.

पेट्रोलची टाकी शाबूत असेल तर धुवून डिझेलला वापरता येते, फक्त डिझेलला परतीची नळी लागते. पण फोममध्ये बसवलेली जुनी ॲल्युमिनियमची टाकी खालून खाल्लेली असू शकते, म्हणून दाबाची चाचणी घ्याच. इंजिनं बाहेर असताना ती काढणं सोपं आहे, नंतर जवळपास अशक्य. खाऱ्या पाण्याचा स्ट्रेनर (गाळणी) उत्पादक सांगेल त्याहून एक माप मोठा घ्या. पावसाळ्यानंतर मांडवी गढूळ असते, त्यात जलपर्णी आणि प्लास्टिक. आपल्या कोमट पाण्यात शंख-शिंपले इंटेकच्या आतसुद्धा वाढतात. इंपेलर दर मोसमाला बदला, जोडीचा एक बोटीवर ठेवा.

आता कागदपत्रं. नोंदणीच्या दाखल्यावर इंजिनाचे नंबर आणि ताकद असते. इंजिन बदलणं हा बोटीतला फेरबदल आहे, तेव्हा काम सुरू करण्याआधी पणजीच्या कॅप्टन ऑफ पोर्ट्सच्या कार्यालयात जाऊन नव्या इंजिनाचा तपशील दाखवा. २०२१च्या अंतर्देशीय जहाज कायद्याने जुन्या १९१७च्या कायद्याची जागा घेतली आहे, त्यामुळे दहा वर्षांपूर्वी कुणी काय केलं त्यावर विसंबू नका. वापरलेलं इंजिन परदेशातून आलं असेल, तर बिल ऑफ एंट्री (आयातीचा कस्टम्सचा कागद) मागा. ते नसेल तर नोंदणी आणि विमा दोन्ही अडतात. हे कागद दाखवायला विकणारा कां-कूं करत असेल, तर किंमत कितीही कमी असो, सोडून द्या.

खर्च करावा का? स्ट्रिंगर आणि डेक दोन्ही कुजलेले निघाले, तर नाही. त्या पैशांत चांगल्या इंजिनाची दुसरी बोट मिळेल. बूड आणि डेक भक्कम असेल, आणि ही बोट अजून दहा-पंधरा वर्षं तुम्हीच ठेवणार असाल, तर नक्की करावा. विकायचा विचार असेल तर करू नका, टाकलेला पैसा विक्रीत परत येत नाही. आणि कोटेशन वाचताना लक्षात ठेवा, इंजिन आणि गिअरची किंमत ही साधारण निम्मी. उरलेली निम्मी शाफ्ट, पंखा, एक्झॉस्ट, वायरिंग, कंट्रोल, फायबरकाम, क्रेन आणि जागेचं भाडं यांत जाते, आणि ती कोटेशनमध्ये दिसत नाही.

कामाचं वेळापत्रक पाऊस ठरवतो. बोट एप्रिलमध्ये उधाणाच्या भरतीला वर घ्या. फायबरचं सगळं काम मेच्या मध्यापर्यंत संपवा, कारण जूनच्या हवेत रेझिन नीट जमत नाही आणि थरांमध्ये ओल अडकते. जून-जुलैत शेडखाली इंजिनं, एक्झॉस्ट, वायरिंग. चतुर्थीच्या आसपास आठवडाभर एकही मिस्त्री कामावर येणार नाही, आणि यावा अशी अपेक्षाही करू नये. तो आठवडा आधीच वजा धरा. सप्टेंबरअखेर बोट पाण्यात.

अलाइनमेंट, म्हणजे इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत आणणं, किनाऱ्यावर फक्त जुजबी करा. खरी अलाइनमेंट बोट पाण्यात, टाक्या भरून, दोन-तीन दिवस तरंगल्यावर, कारण फायबरचं बूड पाण्यात थोडं आकार बदलतं. कपलिंगच्या दोन तोंडांत फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) चारही बाजूंनी घाला. फ्लँजच्या व्यासाच्या दर इंचामागे एक हजारांश इंचापेक्षा जास्त फरक नको.

चाचणीसाठी ऑक्टोबरात आग्वादचा बार (नदीमुखातला वाळूचा उथळ पट्टा) शांत झाल्यावर बाहेर पडा. टाक्या भरलेल्या, नेहमी नेता तेवढी माणसं वर, बूड स्वच्छ. आग्वाद ते समोरच्या तीरावरचं काबो असं एकदा जाताना, एकदा येताना धावा, म्हणजे प्रवाहाचा फरक निघून जातो. प्रत्येक २०० फेऱ्यांना वेग, कूलंटचं तापमान, एक्झॉस्टचं तापमान, टर्बोचा दाब आणि धुराचा रंग वहीत लिहा. पूर्ण थ्रॉटलला इंजिनाने रेट केलेल्या २,६०० फेऱ्या गाठल्याच पाहिजेत, वर ५० ते १०० मिळाल्या तर उत्तम. आपल्या पाण्यात काही आठवड्यांत बूड खरखरीत होतं आणि त्या जादा फेऱ्या तिथे खर्ची पडतात. २,४००वर अडकलं तर पिच जास्त आहे. पिच कमी केला की फेऱ्या वाढतात. पंखा उतरवून पिच कमी करून घ्या. 'चालतंय तसं चालू दे' म्हणालात, तर इंजिन कायम ओझ्याखाली गुदमरत चालेल आणि व्हॉल्व्ह जळतील.

पहिल्या ५० तासांनंतर तेल आणि फिल्टर बदला, माउंटिंगचे नट पुन्हा आवळा, अलाइनमेंट पुन्हा तपासा. नवे रबर माउंट तोवर बसलेले असतात आणि आधीचं माप बहुधा हललेलं असतं. आता लगेच करण्यासारखं म्हणजे शाफ्टच्या मध्यापासून बुडापर्यंतचं अंतर, शाफ्टचा व्यास, हॅचची लांबी-रुंदी आणि स्ट्रिंगरमधलं अंतर ही चार मापं आणि ड्रिलच्या भुशाचा फोटो. तेवढं पाठवलंत तर गिअर आणि पंख्याचा हिशेब मी करून देईन. तोवर त्या जोडीवाल्याला काही कबूल करू नका.